तलवारीचे पाते वाचा, मालकाचे आडनाव नको

ऑगस्ट २०२५ मध्ये सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. २९ एप्रिलला सदबीजच्या लिलावात ती विकली गेली होती आणि राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली. स्वागत झाले, भाषणे झाली, फोटो झाले. सरकारने पैसे खर्च केले याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अशा आणखी दहा वस्तू आणाव्यात. तक्रार एवढीच की तलवार सगळ्यांनी पाहिली, पण ती वाचली फार थोड्यांनी.

पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरे आहेत : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. त्यामुळे सवयीने शब्द सुटे करून पाहिले. श्रीमंत आणि सेना संस्कृतातून आले. साहेब अरबीतून आला. सुभा म्हणजे सूबा, तोही अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. फिरंग हा फारसी शब्द, अर्थ युरोपचा. म्हणजे या तलवारीचे पाते युरोपात घडलेले आहे, हे ती स्वतःच सांगते. ज्या रघुजींनी बंगाल आणि ओडिशावर स्वाऱ्या केल्या, त्यांच्या बाजूने ओडिशाचा कारभार पाहणारा माणूस मीर हबीब होता. एका ओळीत एवढा महाराष्ट्र मावलेला असताना आपण भाषणात मात्र फक्त ‘शत्रू’ आणि ‘शौर्य’ हे दोनच शब्द वापरतो.

जगदंबा तलवारीचेही तेच. १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून ती प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. इंग्रजांनी केलेल्या यादीत तिचे वर्णन आहे : सरळ, एकधारी पाते, आणि त्यावर ‘आयएचएस’ हा ठसा तीन वेळा. ही येशूच्या नावाची ख्रिस्ती मुद्रा. युरोपातल्या लोहारांनी ती उमटवली, आणि मराठ्यांनी पाते चांगले म्हणून घेतले. कुणाचा धर्म बाटला नाही. १९८० साली लंडनहून तलवार परत आणण्याचा मुद्दा राज्यभर गाजवला, तो बॅरिस्टर अ. र. अंतुले या कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्यांनी. हे आठवायलाही आज कुणाला सवड नाही.

आता पुण्यात या. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, शाहीर अमर शेख यांच्या नावाच्या चौकाला लागून. तिथे आणि तिथून पुढे दिवाणखान्यांपर्यंत तलवारींचा व्यवहार चालतो. मी उर्दू वाचते हे कळल्यापासून ओळखीपाळखीचे लोक मला पात्यांचे फोटो पाठवतात. ‘मॅडम, यावर काय लिहिलंय?’ त्यांना बहुतेक वेळा अर्थ नको असतो. ‘शिवकालीन’ हा एक शब्द हवा असतो, म्हणजे किंमत वाढते. एका विक्रेत्याने तर सरळ सांगितले : फारसी अक्षरे दिसली की गिऱ्हाईक ‘ही मोगलांची’ म्हणून नाक मुरडते. मग चाकावर धरून पाते चकचकीत केलेले बरे.

ही घासाघीस म्हणजे पुरावा पुसणे आहे. रघुजींच्या तलवारीला ४७ लाख मिळाले ते लोखंडाच्या वजनाचे नव्हेत, त्या एका ओळीचे. आणि इथे त्याच तोलाची ओळ कुणी पन्नास रुपयांच्या पॉलिशसाठी घालवतो.

मी अक्षरांची भाबडी वकिली करत नाही. फारसी अक्षरेही खोटे बोलतात. ‘असदुल्लाह इस्फहानी’ या नामवंत इराणी कारागिराचे नाव इतक्या पात्यांवर आहे की तेवढी घडवायला त्याला दोनशे वर्षांचे आयुष्य लागले असते. युरोपातल्या प्रसिद्ध कारखान्यांचे ठसेही इथे सर्रास नकलले गेले. म्हणूनच पारख लागते. जौहर, म्हणजे पोलादावरची लाटांसारखी नक्षी, खरे की वरवर काढलेले? वरची नक्षी घासली की संपते. खरे जौहर पोलादाच्या अंगात असते, हिराकसाचे पाणी लावले की पुन्हा उठते. मूठ आणि पाते एकाच काळाचे आहेत का? बहुतेकदा नसतात, कारण चांगल्या पात्याला नवी मूठ चढवत. कोफ्तगरीची सोन्याची तार ओरखड्यांवर ठोकून बसवली आहे की नुसता मुलामा आहे? हे प्रश्न मालकाच्या आडनावाने सुटत नाहीत. आपल्याकडे मात्र तलवारीची किंमत तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टीवर ठरते. साताऱ्यात २०२४ मध्ये आलेल्या वाघनखांबद्दल ती देणाऱ्या लंडनच्या संग्रहालयाचे म्हणणे एवढेच आहे की शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही. एवढे साधे वाक्यही आपल्याला अपमान वाटते.

जपानकडे बघा. तिथे होनआमी नावाचे एक घराणे होते. मूळ काम तलवारींना पॉलिश करण्याचे. पिढ्यान् पिढ्या पाती हातून गेली, म्हणून पात्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला नव्हती. शोगुनांनी त्यांनाच पारखी नेमले. त्यांच्या दाखल्याला ‘ओरिगामी’ म्हणत, म्हणजे घडी घातलेला कागद. आज तिथे मुठीत दडलेल्या भागावरचा गंजसुद्धा कुणी काढत नाही, कारण त्या गंजावरून वय कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने तलवारी जप्त करायला घेतल्या. तेव्हा जाणकारांनी कलेच्या तलवारी वेगळ्या काढायला लावल्या, १९४८ मध्ये संस्था उभी केली, आणि पुढे कायद्याने नोंदणी आली. नोंदणी शिक्षण मंडळाकडे. दाखल्यावर पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोके आणि कोरलेला मजकूर. दाखला तलवारीचा असतो. ती विकली तर तो तिच्याबरोबर जातो.

आता आपला होनआमी कोण? शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, झळाळी. ती करणारा सैकलगर, आपल्या तोंडी शिकलगार. महाराष्ट्रात हे आडनाव लावणारे बहुतेक मुसलमान आहेत. ज्यांच्या पूर्वजांच्या हातून मराठ्यांच्या, आदिलशाहीच्या, निजामशाहीच्या तलवारी गेल्या, त्यांच्यातला एखादा आज सायकलला सहाण लावून ‘सुरी-कात्रीला धार’ ओरडत गल्लीतून जातो. त्याला कुठल्या वस्तुसंग्रहालयाने कधी विचारले, की बाबा, हे पाते बघून सांग?

आणि भीतीबद्दल बोलायलाच हवे. वाड्याच्या दिवाणखान्यात तलवार टांगलेली असली तर तो वारसा. मोहल्ल्यातल्या घरात माळ्यावर निघाली तर तो शस्त्रसाठा. आमच्या नात्यातल्या एका घरात कापडात गुंडाळलेली जुनी तलवार होती, संस्थानी नोकरीतून आलेली. घरातल्या थोरल्या चाचांनी ती भंगारवाल्याला वजनावर दिली. कारण एका वाक्याचे : ‘बेटा, किसी ने देख लिया तो?’ १९५९च्या शस्त्र कायद्यातच पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सवलत आहे. पण तलवार पुरातन आहे हे सांगणारा कागद द्यायचा कुणी? १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, पण सक्तीची नोंदणी शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा मोजक्याच प्रकारांची आहे. तलवार त्यात नाही. मग ज्याच्या नावाला वजन आहे त्याची तलवार आपोआप ऐतिहासिक होते, आणि ज्याच्या नावाला संशय चिकटलेला आहे त्याची भंगारात जाते.

काही जण म्हणतील, ‘तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मुसलमान घुसवायचा असतो.’ घुसवायची गरजच नाही. जगदंबेवरची मुद्रा ख्रिस्ती आहे, ती मी नाही कोरली. रघुजींच्या पात्यावर ‘फिरंग’ मी नाही लिहिले. आमच्यातलेही काही जण म्हणतील, ‘बाई, आपल्या पोरांच्या शिक्षणाचं बोला, तलवारी कशाला?’ हे शिक्षणाचेच बोलणे आहे. ज्या मुलीला आपल्या घरातल्या वस्तूवरचा मजकूर वाचता येत नाही, तिला कुणीही तिचा इतिहास म्हणून काहीही विकू शकतो. हे शुक्रवार पेठेतल्या मुलीलाही लागू आहे आणि कोंढव्यातल्याही.

याच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभे आहे. याच मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी कागद वाचून ऐतिहासिक फार्सी साहित्याचे खंड संपादित केले. मराठ्यांचा इतिहास फारसीशिवाय लिहिता येत नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. आज त्या वाटेने जाणारे विद्यार्थी आणायचे कुठून? उर्दू शाळेतली मुले ही लिपी रोज लिहितात. त्यांना मोडीचे सहा महिने द्या, मराठी शाळेतल्या मुलांना फारसीचे सहा महिने द्या, आणि दोघांना मिळून राजा केळकर संग्रहालयातल्या शस्त्रांपुढे उभे करा.

राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडून माझी मागणी साधी आहे. जुन्या पात्यांची ऐच्छिक नोंदणी सुरू करा. लांबी, वजन, ठसे, मजकूर, फोटो, आणि सोबत एक दाखला, जो पोलीस ठाण्यातही चालेल. तपासणाऱ्यांत फारसी वाचणारा एक असू द्या, मोडी वाचणारा एक असू द्या आणि शिकलगार एक असू द्या, मानधन देऊन. हे ४७ लाखांत बसेल का माहीत नाही. पण लंडनहून एक तलवार आणताना इथे माळ्यांवरच्या किती तलवारी भंगारात गेल्या, याचा हिशेब आज कुणाकडेच नाही. तो ठेवायला सुरुवात तरी करा.

तोवर ज्यांच्या घरी जुने पाते आहे त्यांना एवढेच सांगणे : त्याला चाक लावू नका, तेजाब लावू नका. हलके तेल लावून कोरड्या जागी ठेवा. आणि अक्षरे दिसली तर फोटो पाठवा. वाचून देईन, पैसे घेणार नाही. फक्त ‘शिवकालीन’ म्हणा असा आग्रह धरू नका.