फोड नाही, दुखणं नाही, तरी ‘हर्पिस पॉझिटिव्ह’? आधी हे वाचा

पोस्ट लांब आहे, विषय लाजेचा आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण या लाजेवरच धंदा चाललाय.

ओळखीतल्या एका मुलीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. लगेच ‘टॉर्च’ तपासणी लिहून दिली गेली. टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस वगैरेंची एकत्र रक्ततपासणी. रिपोर्टात ‘हर्पिस आयजीएम’पुढे ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’. नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, ‘गुप्तरोग’ दिसलं. सासूबाई म्हणाल्या, “हे आमच्या घरात आलं कुठून?” मूल गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि पोरगी माहेरी येऊन बसली. अंगावर एक फोड नाही, कधी आलेलाही नाही!

आता या आयजीएमची लायकी काय ते बघा. हर्पिसचे दोन प्रकार. पहिला बहुतेकांना लहानपणीच, घरातल्यांच्या लाळेतून होतो; ओठावर पुरळ येतं तेच. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधातून. आयजीएम या दोघांत नीट फरक करू शकत नाही. लागण नवी की जुनीच उलटली, हेही सांगू शकत नाही. काहीच नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते ती वेगळीच. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय की हर्पिससाठी आयजीएम करू नये. आपल्याकडे मात्र ती पॅकेजमध्ये घालून विकतात.

“मग आयजीजी करू का?” ती थोडी बरी, पण सरसकट नाही. लागण झाल्यावर ती पॉझिटिव्ह यायला १२ आठवडे किंवा जास्तही लागू शकतात. दुसऱ्या प्रकाराचा आकडा ३ च्या खाली असेल, तर वेगळ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय तो खरा धरायचा नसतो. आपल्या रिपोर्टावर १.१ च्या वर गेलं की ‘पॉझिटिव्ह’ छापून मोकळे! लक्षणं नसलेल्यांची अशी तपासणी करू नका, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. तिथल्या सर्वसाधारण लोकांत दोन पॉझिटिव्हपैकी जवळपास एक खोटं निघू शकतं, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे छापा-काटाच की!

मग खरी तपासणी कोणती? फोड आला की लगेच, तो सुकायच्या आत डॉक्टरला दाखवायचा. फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन पीसीआर करायचं. व्हायरस आहे का आणि कोणत्या प्रकारचा, दोन्ही कळतं. पीसीआर परवडत नसेल तर फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर बघायची जुनी झांक तपासणी आहे. स्वस्त आहे, पण कच्ची; निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं नाही. जोडीला सिफिलिस आणि एचआयव्हीची रक्ततपासणी मात्र जरूर करा, ती कामाची आहे.

अजून एक घोळ. नागीण आणि हा हर्पिस एक नाही. नागीण कांजण्यांच्या व्हायरसमुळे होते. दोन्हीला डॉक्टर ‘हर्पिस’ म्हणतात, म्हणून आजोबांच्या नागिणीवरून कुणी भलता संशय घेऊ नका. आणि दोन्हींवर काव लावत बसू नका.

काही जण म्हणतील, गरोदरपणात हर्पिस बाळाला धोकादायक असतो. खरंय. शेवटच्या महिन्यांत आईला नवी लागण झाली, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पण त्यासाठी आईला विचारावं लागतं, कळा सुरू झाल्यावर तपासून फोड आहेत का ते बघावं लागतं. असतील तर सिझेरियन करतात. हे काम आयजीएमच्या कागदाने होत नाही.

लॅबवाले म्हणतात, “डॉक्टर लिहितात, आम्ही करतो.” डॉक्टर म्हणतात, “पेशंटच मागतात.” अहो, पेशंटला काय कळतंय? नको असेल तेव्हा ‘नको’ सांगायचीच तर फी घेता ना! आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. राज्यभरातले डॉक्टर जिथून पदवी घेतात, त्या नाशिकमध्ये तरी हे बंद व्हायला नको?

सरकारी व्यवस्था इथे जास्त शहाणी निघाली, हे कबूल करा. सुरक्षा क्लिनिकमध्ये आधी रुग्णाला तपासतात. हर्पिसचे फोड दिसले तर लाल किट देतात; त्यात असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. तेही फुकट. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. लाज वाटत असेल तर १०९७ वर फोन करा, तोही फुकट.

आणि शेवटचं, नवरे आणि सासवांसाठी. रिपोर्ट खरा असला तरी लागण कधी झाली, कुणाकडून झाली, हे जगातली कुठलीच तपासणी सांगत नाही. हा व्हायरस काहीही न दाखवता वर्षानुवर्षं अंगात राहतो. कदाचित तो तिच्या नवऱ्याकडूनच आला असेल. त्या कागदावरून बायकोला माहेरी धाडणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं.

घरात कुणाच्या हातात असा रिपोर्ट असेल तर भांडणाआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कॉमेंटमध्ये नावं टाकू नका. पोस्ट मात्र फॅमिली ग्रुपवर टाका, लाजू नका.