हरवलेल्या पैशाला चोर लागतो

१९९४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. तासगावातल्या एका बँकेत मी कॅशिअर होते. संध्याकाळी हिशेब लावताना माझ्या पेटीत २७०० रुपये जास्त निघाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅश कमी आली की कॅशिअरच्या पोटात गोळा येतो आणि जास्त आली की जीव भांड्यात पडतो. खरं तर दोन्हींची रीत ठरलेली असते. कमी आली तर खिशातून भरायची. जास्त आली तर व्हाउचर करून सस्पेन्स खात्याला टाकायची, सह्या करायच्या आणि घरी जायचं. पण आमचे हेडकॅशिअर तेवढ्यावर कुणाला उठू देत नसत. म्हणाले, "बाई, जास्त असं काही नसतं. कुणाचं तरी कमी आहे. कुणाचं, ते शोधा."

२७०० ला नऊने भाग जातो. फरक नऊने भागला गेला, की आधी उलटलेल्या आकड्यांचा संशय धरायचा, हे हिशेबाच्या कामात पहिल्या वर्षीच शिकवतात. विड्रॉल स्लिपांचा गठ्ठा सोडला. ६३०० ची एक स्लिप निघाली, अंगठ्याची. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : शंभराच्या ३६. म्हणजे ६३०० ऐवजी मी ३६०० दिले होते. दुपारी बाराच्या गर्दीत, टोकन घेऊन उभ्या असलेल्या एका विधवा बाईंना. त्यांनी नोटा मोजल्या नव्हत्या. मोजता येत नव्हत्या.

मॅनेजरसाहेबांना सांगून, पावतीवर अंगठा घ्यायला शाईचं पॅड पिशवीत टाकून, हेडकॅशिअरांच्या स्कूटरवरून आम्ही सावळजच्या रस्त्याला लागलो. वस्तीवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली, मजुरीचे पैसे द्यायचे म्हणून तर ते काढले होते. मजुरांचा मुकादम कट्ट्यावर बसून होता. दीर पुढ्यात उभा. बाई चुलीपाशी भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून. आम्ही दारात असतानाच दिराचं वाक्य कानावर आलं : "म्हायेरी धाडलंस का कुटं ठेवलंस, येवढंच सांग म्हनतोय आमी."

आमची चूक झाली, असं हेडकॅशिअरांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि २७०० रुपये मोजून बाईंच्या हातात दिले, दिराच्या नाही. दीर बाहेर जाऊन मुकादमाशी बोलायला लागला. कुणी कुणाची क्षमा मागितली नाही. मी बाईंना विचारलं, पैसे कमी दिसल्यावर परत बँकेत का आला नाहीत? त्या म्हणाल्या, पुतण्यानं सांगितलं की बँकेत पाटी आहे, खिडकी सोडल्यावर तक्रार चालत नाही म्हणून. मग अंगठा उठवून बोट पदराला पुसत त्यांनी मला विचारलं, "बाई, हे दुपारी का न्हाई सापडलं वं?"

ती पाटी आमच्या खिडकीवर खरोखरच होती. अजूनही बऱ्याच बँकांत असते. पैसे मोजून घ्यावेत, हे सांगण्यापुरती ती ठीक आहे. पण खिडकी सोडली म्हणून त्या बाईंचे २७०० रुपये बँकेचे होत नाहीत, तसेच रस्त्यावर पडले म्हणून कुणाचे पैसे उचलणाऱ्याचे होत नाहीत.

त्या संध्याकाळनंतर सापडलेल्या पैशाबद्दल माझं मत एकच आहे, आणि ते लिहायला आज बसले आहे. आपण या प्रश्नाकडे नेहमी दोन माणसांचा प्रश्न म्हणून बघतो. एक हरवणारा, एक सापडणारा. हरवणारा श्रीमंत असला तर त्याला काय फरक पडतो, सापडणारा गरजू असला तर त्याला देवानंच दिलं, असा सगळा विचार त्या दोघांतच फिरतो. तिसरं माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पैसा हरवला, असं माणूस आधी म्हणत नाही. आधी म्हणतो, कुणी घेतला? मग घरातली सून, कामाला येणारी बाई, दुकानातला पोऱ्या, शाळेत जाणारा मुलगा, गल्ल्यावर बसलेला भाचा, यांच्यातलं एक कुणीतरी त्या रात्री चोर ठरतं. तोंडावर बोललं जातं असंही नाही. पर्स उचलून कपाटात ठेवली जाते, कपाटाला कुलूप लागतं, आणि त्या माणसाला ते दिसतं. म्हणून "त्यांना एवढ्यानं काय होणार आहे" हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही. ज्या घरात पाच हजारांनी काही होत नाही, त्याच घरात भांडी घासायला, स्वयंपाकाला, गाडी चालवायला माणसं असतात. पाच हजारांनी होतं ते त्यांचं.

कायदा या बाबतीत लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच समंजस आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, दोन्हींत उदाहरणं दिलेली आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण कुणाच्या हातून पाकीट पडताना पाहिलं, परत द्यायला म्हणून उचललं आणि मग मन फिरलं, तर गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा. मालक माहीत नव्हता, हा बचाव चालत नाही. माहीत करून घ्यायचा वाजवी प्रयत्न केला का आणि वाजवी वेळ थांबलात का, हे बघितलं जातं. नव्या कायद्यात याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आहे, शिवाय दंड. १८७२ च्या करार कायद्याचं ७१ वं कलम तर सापडलेली वस्तू उचलणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकतं. म्हणजे वाकून उचललं, की आपण राखणदार झालो. राखण करायची नसेल तर उचलू नये.

आता देवाच्या पेटीबद्दल. आमच्याकडे अनेक चांगली माणसं सापडलेले पैसे देवळाच्या दानपेटीत टाकतात आणि मोकळी होतात. तासगावच्या गणपतीच्या पेटीत असे किती गेले असतील, गणपतीलाच माहीत. मला हे मान्य नाही. आपल्याला नको म्हणून दिले, यात प्रामाणिकपणा आहे हे खरं. पण मालकाला शोधण्याची खटपट टाळून ते दिले, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आहे. पेटीत गेलेली नोट परत येत नाही, आणि ती जिच्या नावावर चोरी म्हणून लागली आहे त्या बाईच्या डोक्यावरून तो आळ कुठलाही देव उतरवत नाही.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. आपल्या देशासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं, हरवलेली सापडली असं सांगून, बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणच्या काउंटरवर देण्यात आली आणि मालकाशी कोण संपर्क साधतं ते पाहिलं गेलं. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल ४० टक्के लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल ५१ टक्के लोकांनी. सामान्य लोकांचा अंदाज याच्या उलटा होता, आणि अर्थतज्ज्ञांनाही हे आधी सांगता आलं नव्हतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. पाकिटात एक किल्ली ठेवलेली होती. किल्लीचा सापडणाऱ्याला काहीच उपयोग नाही, ती फक्त मालकाच्या कामाची. काही देशांत किल्ली काढून तोच प्रयोग केला, तर कळवणाऱ्यांचं प्रमाण घटलं. तीस-बत्तीस वर्षं नोटा मोजलेल्या मला याचं नवल वाटलं नाही. सुट्या नोटेवर कुणाचा चेहरा नसतो. किल्ली दिसली, किराणाची यादी दिसली, की दाराबाहेर अडकलेलं माणूस दिसतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या त्या आठवड्यांत, मीही कमी पडले. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. रांग रस्त्यापर्यंत, जुन्या पाचशे-हजारांचे ढीग, दोन हजारांची नवी नोट हाताला अनोळखी. एका रात्री ४००० कमी आले. भरले. कुणाच्या तरी घरी दोन नोटा जास्तीच्या गेल्या होत्या, आणि त्या माणसाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या दिवसांत प्रत्येक जण घरी गेल्यावर नोटा पुन्हा मोजत होता. त्याच आठवड्यात कवठ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ रांगेत पुन्हा तीन तास उभे राहून खिडकीशी आले आणि शंभराची एक नोट आत सरकवून म्हणाले, "पोरी, ही तुजी." मी सत्तावन्न वर्षांची होते. खिडकीच्या आत त्या महिन्यात मी एकदाच रडले.

हल्ली पैसा रस्त्यावर कमी आणि फोनवर जास्त सापडतो. मोबाइल नंबरचा एक आकडा चुकला की दुसऱ्याच्या खात्यात रक्कम जाते. हेही सापडलेलेच पैसे. चुकून आलेली रक्कम परत केली पाहिजे, असं करार कायद्याचं ७२ वं कलम १५० वर्षांपासून सांगतं आहे. फक्त इथे एक सावधगिरी हवी. "काका, चुकून तुमच्याकडे आले, या नंबरवर पाठवा" असे फोन भामटेही करतात. कधी आलेला मेसेजच खोटा असतो, कधी पैसे खरे असतात पण तिसऱ्याच कुणाला लुबाडून आलेले. म्हणून आधी खात्याची शिल्लक बघावी, पैसे खरोखर आले असतील तर परस्पर कुठे पाठवू नयेत, खर्चही करू नयेत, बँकेत लेखी कळवावं आणि ते आले त्याच वाटेनं जाऊ द्यावेत. नोट सापडली तरीही रीत साधी आहे. सोसायटीच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर लिहावं : काही रक्कम सापडली आहे, किती, कसल्या नोटा, कशात गुंडाळलेली, ते सांगून घेऊन जावी. आकडा आपण लिहायचा नाही. मोठी रक्कम असेल तर पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. आणि हे त्याच दिवशी करावं. रात्र उलटली की दुसऱ्याचा पैसा घरातला वाटायला लागतो, आणि तिकडे संशय पक्का होत जातो.

हे मला तासगावात कळलं होतं. तरीही गेल्या वर्षी मी उशीर केला.

सांगलीत विश्रामबागेत आमची चार मजली इमारत आहे. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं चढत होते, तर पहिल्या वळणावर औषधाच्या दुकानाच्या कागदी पिशवीत १५०० रुपये सापडले. नाव नाही, चिठ्ठी नाही. सकाळी पुण्याला नातीच्या वाढदिवसाला निघायचं होतं. पिशवी देवघरात ठेवली, उद्या ग्रुपवर टाकू म्हटलं. टाकलं नाही. आठ दिवसांनी परत आले, समईखाली पिशवी तशीच. तेव्हा विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई धावत आल्या, नोटा बरोबर सांगितल्या, दोनदा आभार मानले. मग जरा वेळानं म्हणाल्या, "आम्ही तर कामवालीला काढलं हो."

सहा वर्षं ती त्यांच्याकडे होती. मी वॉचमनकडून पत्ता घेऊन तिच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं; पैसे माझ्या देवघरात होते हेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. चहा केला. दुसरीकडे काम मिळालंय म्हणाली, तिसऱ्या दिवशीच मिळालं. कप उचलताना म्हणाली, "तुमी आला काकू, बरं केलं. पर चोर तर त्यांनी म्हटलं व्हतं."

मी परत दुसऱ्या मजल्यावर गेले. ताई म्हणाल्या, आता नवी बाई लावली आहे, तिला कसं बोलवू? मी म्हटलं, कामाला बोलवू नका, नुसतं जाऊन सांगून या. पैसे सापडले, तुम्ही घेतले नव्हते, एवढंच. त्यांना ते पटलं. पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून मी कागदावर लिहून दिला, मारुतीच्या देवळामागची दुसरी गल्ली, निळं दार.

कागद अजून त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. भाजी द्यायला गेले की मला दिसतो.