घड्याळ पळवा, पण उत्तर तपासा

संगणकाचा वेग त्याच्या नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘नको, प्रोसेसर जळेल!’ ही भीती मला चुकीच्या जागी वाटते. आजचे प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोचले की आपण होऊन वेग उतरवतात. तेवढ्याने भागले नाही, तर बंद पडतात. खरा धोका वेगळाच आहे. संगणक चालूच राहतो आणि चुकीचे उत्तर देतो.

असे का व्हावे? ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधल्या अवधीत प्रकाशसुद्धा निर्वातात जेमतेम ६ सेंटिमीटर जातो! तेवढ्यात ट्रान्झिस्टरांच्या साखळीने आपला ० किंवा १ ठरवायचा असतो. ठोके आणखी जवळ आणले, की सर्वांत संथ साखळी मागे पडते आणि तिचे उत्तर तयार होण्यापूर्वीच वाचले जाते. विद्युतदाब वाढवला तर ट्रान्झिस्टर चपळ होतात, हे खरे. पण किंमत पाहा. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवा : १.१ × १.१ × १.१ म्हणजे सुमारे १.३३. वेग १० टक्के, उष्णता ३३ टक्के! शिवाय प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. जानेवारीत टिकलेला वेग नागपूरच्या मे महिन्यात टिकेलच असे नाही.

जादा दाबाने प्रोसेसर हळूहळू झिजतोही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर प्रमाणाबाहेर दाब मिळाल्याने अस्थिर झाले, हे २०२४ साली कंपनीनेच जाहीर केले. झालेली झीज नव्या आज्ञावलीने भरून निघत नाही.

मग हा उद्योग करावाच कशाला? १९९८ साली ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए अनेक हौशी मंडळींनी ४५० वर चालवला होता. दीडपट वेग, तोही जवळजवळ फुकट. आता ते दिवस गेले. प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग चढवतो, आपल्या हाती थोडेच उरते. तरीही मी म्हणेन, घरच्यांची संमती असेल आणि संगणक स्वतःचा असेल, तर जरूर करा. एवढ्या थोड्या साहित्यात हाती येणारा भौतिकीचा प्रयोग विरळाच. मात्र तो प्रयोगासारखा करा. शाळेच्या संगणकावर किंवा लॅपटॉपवर मुळीच नको.

आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळी ठेवा. काहीही न बदलता वेग, दाब आणि तापमान वहीत नोंदवा. मग एका वेळी एकच राशी बदला. प्रोसेसरचा वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवा (सर्वच प्रोसेसरांत ही मुभा नसते) आणि प्राइम९५ काही तास चालवा. ही आज्ञावली अवजड गणिते सोडवून उत्तरे आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडते. एक जरी चूक निघाली, तरी मागे या. ‘खेळ तर व्यवस्थित चालतो’ हा पुरावा नव्हे!

रॅमच्या बाबतीत अधिक जपावे. तिथला एक चुकीचा बिट गुपचूप फायलीत लिहिला जातो आणि महिन्यांनी उघडकीस येतो. डीडीआर४ रॅमचा नेहमीचा दाब १.२ व्होल्ट, वेगवान रॅमसाठी उत्पादकाने ठरवलेली मांडणी पुष्कळदा १.३५ व्होल्टची असते. विद्यार्थ्याने त्यापुढे जाऊ नये. प्रोसेसर मूळ वेगावर आणून रॅम निराळी तपासा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या.

आणि संगणक सुरूच झाला नाही तर? घाबरू नका. वायर भिंतीतून काढा, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवा. बहुतेक संगणक मूळ मांडणीवर परततात.