शांतिसेनेच्या परतीचा प्रश्न

ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना महार रेजिमेंटची 1941 मधील उभारणी व तीसाठी बाबासाहेबांनी धरलेला आग्रह ठाऊक असतो. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीरचक्राचा अभिमान सर्वांना आहे. ज्या मोहिमेत ते पडले तिच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

29 जुलै 1987 च्या राजीव गांधी-जयवर्धने करारान्वये शांतिसेना गेली ती तमिळ संघटनांची शस्त्रे जमा करून घेण्यासाठी. ऑक्टोबरात तीच सेना जाफन्यात लिट्टेशी लढू लागली. ज्या तमिळांच्या रक्षणाचे नाव घेतले होते, त्यांच्याच वस्त्यांत तोफा धडाडल्या. जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण आपल्या सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले.

मग सैन्य आणखी जवळजवळ अडीच वर्षे का राहिले? परत बोलवावे तर करार फसल्याची कबुली द्यावी लागे, आणि लोकसभेची निवडणूक जवळ येत होती. शिवाय मृतांचा आकडा जसा वाढे, तसा ‘एवढे जवान काय व्यर्थ गेले?’ हा सवाल धारदार होई, आणि त्याचे उत्तर म्हणून आणखी जवान तेथे ठेवले जात. जून 1989 मध्ये खुद्द अध्यक्ष प्रेमदास यांनी जुलैअखेर निघून जाण्यास सांगितले, तरी दिल्लीची प्रतिष्ठा आड आली. अखेर विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात, 24 मार्च 1990 रोजी, शेवटची तुकडी परतली. तोवर सुमारे 1,200 जवान कामी आले होते. करार ज्यांच्या सहीचा नव्हता त्यांनाच माघार परवडली, हे ध्यानात घ्यावे. परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला मद्रासच्या बंदरावर मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, तो या साऱ्याचा कडवट शेवट.

परंतु माघार निष्कलंक होती असे समजण्याचे कारण नाही. भारताच्या भरवशावर उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झालेले वरदराज पेरुमाळ यांना देश सोडावा लागला. त्यांच्या बाजूने, पुष्कळदा सक्तीने, हाती बंदूक दिलेली तमिळ पोरे लिट्टेच्या तावडीत सापडली, आणि जून 1990 मध्ये युद्ध पुन्हा भडकले. ‘सैन्य मागे घ्या’ ही घोषणा योग्यच होती. मात्र ती देणाऱ्यांनी या पोरांचे काय होणार, हेही विचारायला हवे होते.

परदेशी सैन्य धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन आपल्या संविधानात आजही नाही. ते असावे, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. मोहिमेचा उद्देश, मुदत, परतीची अट आणि स्थानिक साथीदारांची जबाबदारी हे सारे मतदानापूर्वी लोकसभेपुढे यावे. सत्ताधाऱ्यांना ही कटकट वाटेल. पण मुदत संपताच सैन्य परत आणणे हे मग संसदेच्या ठरावाचे पालन ठरेल, आणि त्या ठरावावर मत दिलेल्या विरोधकांना सरकारला पळपुटे म्हणून हिणवता येणार नाही.