उच्चाराचा दोष कोणाचा?

पावतीला इंग्रजीत 'रिसीट' म्हणतात. एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा उच्चार 'रिसीप्ट' असा केला की वर्गात हशा पिकतो. कर्ज या अर्थाच्या 'डेट'ला मुलाखतीत कोणी 'डेब्ट' म्हटले, तर त्याच्या एकंदर विद्वत्तेविषयीच शंका घेतली जाते. वस्तुतः शब्द जसा लिहिलेला आढळला तसाच त्याने तो वाचलेला असतो. ज्याची इंग्रजीशी ओळख कानांपेक्षा पुस्तकांतून अधिक झाली, त्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यावर ही वेळ हटकून येते.

या शब्दांचा इतिहास पाहिला म्हणजे दोष कोणाचा ते उमगते. दोन्ही शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्यांचे लॅटिन मूळ दिसावे म्हणून पुढे पंडितांनी एकात 'पी', तर दुसऱ्यात 'बी' हे अक्षर घातले. लेखन बदलले, बोलणाऱ्यांची जीभ मात्र बदलली नाही. 'आयलंड'मधील 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. हा मूळचा अस्सल इंग्रजी शब्द, पण फ्रेंच कुळातील 'आइल'शी त्याचे नाते जोडले गेले. 'कर्नल'ची एके काळी दोन रूपे प्रचारात होती. लेखनाने 'एल'चे रूप उचलले आणि उच्चाराने 'आर'चे राखले. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. छपाईबरोबर लेखन हळूहळू स्थिरावत गेले. उच्चार मात्र पुढे चालत राहिले.

खुद्द इंग्रजांनाही याचा जाच होता. जॉन वॉकर यांनी १७९१ मध्ये उच्चारांचा स्वतंत्र कोश प्रसिद्ध केला, तो मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीच. मराठीही या बाबतीत सर्वस्वी निर्दोष नाही. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एकच लिहिला जातो, पण उच्चारला जातो निराळा. मराठी मुलाला तो घरातच उमगतो. परभाषी माणूस तेथे हमखास अडखळतो.

अर्थाच्या बाबतीतही अंदाज असाच फसतो. 'एनर्व्हेट' हे क्रियापद 'एनर्जी'च्या घरचे वाटते; पण त्याचा अर्थ शक्ती देणे नसून शक्ती हरण करणे हा आहे. तेव्हा अपरिचित शब्दाचा अर्थ आणि उच्चार दोन्ही एकाच वेळी कोशात पाहण्याची सवय लावणे हाच खरा उपाय होय. शिक्षकांनी नवा शब्द फळ्यावर लिहिताना शेजारी त्याचा उच्चार देवनागरीत लिहावा. आज भ्रमणध्वनीवर उच्चार ऐकण्याचीही सोय आहे.

चूक अवश्य दुरुस्त करावी. चुकणाऱ्याला हसू मात्र नये. एकदा हसे झालेला विद्यार्थी तो शब्द पुन्हा उच्चारीत नाही आणि पुढे पुढे इंग्रजी बोलण्याचेच टाळतो. उच्चाराची चूक कोशाचे एक पान उलटून सुधारता येते. गेलेला धीर परत आणणे तितके सोपे नसते.