वृद्धांच्या उशाशीं वृत्तवाहिनी

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून डॉक्टरांचे गौरव झाले, सरकारांच्या चुकांचा थोडाबहुत पंचनामा झाला, लशींच्या बऱ्यावाईटाचा वाद तर अद्याप चालूच आहे. जबाब घेतला गेला नाहीं तो एकाच पक्षाचा. आणि हा पक्ष म्हणजे ज्यांनीं इतर सर्वांचे जबाब घेतले त्या वृत्तवाहिन्या. घरांत कोंडलेल्या वृद्ध माणसांच्या मनाशीं या वाहिन्यांनीं दोन वर्षें जो व्यवहार केला, त्याबद्दल आमची फिर्याद आहे.

प्रथम आमचा आक्षेप कशाला नाहीं तें सांगतों. वाईट बातमी दिली, ही आमची तक्रार नव्हे. एप्रिल २०२१ मध्यें गुजरातेंतील वृत्तपत्रांचे वार्ताहर शवागारांबाहेर आणि स्मशानांत उभे राहून प्रेतें मोजीत होते. कारण सरकारी आकडा आणि चितांचा आकडा यांचा मेळ बसत नव्हता. ती बातमी भयंकर होती, आणि ती देणें हें कर्तव्यच होतें. त्याच महिन्याच्या २१ तारखेस नाशिकच्या रुग्णालयांत प्राणवायूची गळती होऊन माणसें दगावलीं, हें लपवावें असें कोणता शहाणा म्हणेल? म्हातारपण म्हणजे दुसरें बालपण, सबब त्यांच्या कानांवर सत्य जाऊं देऊं नये, हा सुपुत्रांचा न्यायही आम्हांस मान्य नाहीं. ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला, त्यांस संकट ही कांहीं नवी बातमी नव्हे. उलट २०२० च्या वसंतांत अमेरिकेंत झालेल्या एका पाहणींत तरुणांपेक्षां वयस्क माणसांचीच मनें अधिक स्थिर आढळलीं. तेव्हां वृद्ध दुबळे आहेत म्हणून आम्ही बोलत नाहीं. त्यांच्याशीं झालेलें वर्तन अनुचित होतें, म्हणून बोलतों.

पुण्यांत १८९७ सालीं प्लेग होता, तेव्हां ‘केसरी’ आठवड्यांतून एकदां निघे. त्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाहीं. सहा दिवस अफवांवर काढणें हेंही सुखाचें नसतें. परंतु छापील पत्राला, मग तें रोजचें असो कीं आठवड्याचें, एक शेवटचें पान असतें. तें वाचून झालें म्हणजे मनुष्य घडी घालतो आणि अंघोळीला जातो. मार्च २०२० पासून तें पानच अनेकांच्या दारांत येईनासें झालें. एप्रिलमध्यें राज्य सरकारनें छपाईस मुभा आणि घरपोच वाटपास मनाई असा चमत्कारिक हुकूम काढला. पुढें कांहीं दिवसांनीं तो सैल केला, तरी मुंबई-पुण्यास मनाई राहिलीच. चाळीस वर्षें चहाबरोबर अग्रलेख वाचणाऱ्या गृहस्थापुढें उरला तो दूरचित्रवाणीचा पडदा, आणि त्या पडद्याला शेवटचें पान नाहीं.

त्या पडद्याच्या कोपऱ्यांत एकूण बाधितांचा आकडा सदोदित चमकत असे. एकूण आकडा हा स्वभावतःच चढणारा. बरा होऊन घरीं गेलेला मनुष्य त्यांतून वजा होत नाहीं. साथ ओसरत असतांही तो वाढतच राहतो, आणि वाढला कीं तांबड्या अक्षरांत झळकतो. सरावाच्या डोळ्यांस ही हातचलाखी कळते, पण दिवसांतून पन्नास वेळां पाहिल्यावर कळूनही उपयोग काय? बुद्धि गणित करते. छाती धडधडायची थांबत नाहीं.

याहून वाईट एका वाक्याची गोष्ट आहे. मृत्यूच्या बातमीला बहुधा एक शेपूट असे: मृताचें वय साठीच्या वर होतें व त्यास मधुमेह होता, किंवा रक्तदाब होता. हें वाक्य कोणासाठीं होतें? उघडच तरुणांस धीर देण्यासाठीं. पण भर दुपारीं वाहिनीपुढें बसलें होतें कोण? साठीच्या वरचे, मधुमेहाचे, रक्तदाबाचे! नातवास दिलेला दिलासा आजोबांस शिक्षेच्या हुकुमासारखा ऐकूं येत होता. वयाबरोबर धोका वाढतो हें वैद्यकाचें सत्य आहे, तें सांगावयासच हवें. पण त्यापुढें काय करावें हें सांगितलें तर तें ज्ञान, नुसतेंच पुन्हां पुन्हां ऐकविलें तर ती धास्ती. सरकारही या बाबतींत निर्मळ नव्हतें. पासष्टीवरील कलावंतांनीं चित्रीकरणास येऊंच नये असा नियम राज्यानें केला. ७ ऑगस्ट २०२० रोजीं उच्च न्यायालयानें तो रद्द केला, तेव्हां कोठें त्या माणसांची पोट भरण्याची वाट मोकळी झाली.

बातम्या दिवसांतून एक-दोनदां, ठराविक वेळींच पाहाव्या, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२० मध्येंच सांगितलें होतें. चोवीस तासांचें दुकान मांडून बसलेल्यानें हा सल्ला गिऱ्हाइकास द्यावा कसा? आणि त्या सल्ल्यास आधार नव्हता असें नाहीं. २०१३ सालीं बोस्टनच्या शर्यतींत स्फोट झाले; त्यानंतरच्या आठवड्यांत रोज सहा तास वा अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्यांच्या मनावर, प्रत्यक्ष घटनास्थळीं असलेल्यांपेक्षांही अधिक ताण आढळला. आमच्याकडे तर मार्च २०२० मध्यें दूरध्वनि लावला तरी प्रथम खोकला ऐकूं येई, आणि मग मुलीचा आवाज!

दिवसभर एवढें बोलूनही उपयोगाचें फारच थोडें बोललें जाई. निवृत्तिवेतनासाठीं बँक किती वेळ उघडी आहे, औषधें घरीं कोण पोहोंचवील, हयातीच्या दाखल्याची मुदत वाढली कीं नाहीं — केंद्र सरकारनें ती २०२० सालीं खरोखरच वाढविली होती — या बातम्यांनीं माणसाच्या हातांस काम मिळतें, आणि काम मिळालें कीं भीति आपोआप बसते. पण त्यांत आरडाओरडीस जागा नाहीं. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननें जुनें ‘रामायण’ पुन्हां दाखविण्यास आरंभ केला आणि घरोघर लोक त्याभोंवतीं जमले, यास केवळ भक्ति हें कारण आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. त्याचा भाग ठरल्या वेळीं लागे आणि ठरल्या वेळीं संपे, हेंही त्यांत होतेंच.

यावर वाहिन्यांचें ठरीव उत्तर आम्हांस ठाऊक आहे: कळ तुमच्या हातांत आहे, नको असेल तर बंद करा. हें उत्तर ज्यानें शोधलें त्यानें दोन खोल्यांचें बिऱ्हाड पाहिलेलें नसावें. टाळेबंदींत तेथें सहा माणसें होतीं, पडदा एक, तो बाहेरच्या खोलींत, आणि आजोबांचें अंथरूणही त्याच खोलींत. कळ मुलाच्या हातांत; कचेरी बंद झालेली, नोकरीचा भरंवसा नाहीं, म्हणून तो रात्रीं बारापर्यंत बातम्या पाही. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडत, आणि आकडा त्यांस पाठीमागून ऐकूं येई.