बाटलीतल्या वायूचे गणित

ग्लुकोजपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे किण्वनाचे समीकरण आपल्याकडील विद्यार्थी पाठ करतात. त्यातील वायू मोजण्याची वेळ मात्र त्यांच्यावर क्वचितच येते. घरगुती मसालेदार बिअरची बाटली फुटते, ती बहुधा याच दुर्लक्षामुळे.

आले, धणे किंवा संत्र्याची साल घातलेल्या बिअरचे मुख्य किण्वन संपले की तिच्यात फेस फारसा उरत नाही. म्हणून बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर मिसळतात. उरलेले यीस्ट ती पचवते आणि कोंडलेला वायू द्रवात विरघळतो. ‘थोडी’ म्हणजे किती, हाच खरा प्रश्न आहे. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे अर्धा ग्रॅम वायू मिळतो. 20 अंश सेल्सिअसला तयार झालेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे 1.7 ग्रॅम वायू आधीच असतो; हवा असतो साधारण 4.7 ग्रॅम. म्हणजे लिटरला 6 ग्रॅम साखर पुरते. एवढ्यानेही बाटलीतील दाब वातावरणीय दाबाच्या जवळपास तिप्पट होतो.

धोका मोजून घातलेल्या साखरेपेक्षा न मोजलेल्या साखरेचा अधिक असतो. विशिष्ट गुरुत्व 1.014 असताना घाईने बाटल्या भरल्या आणि पुढे ते 1.010 वर उतरले, तर वायू जवळजवळ दुप्पट होतो. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड यीस्टला रोखते. मंदावलेले किण्वन संपल्याचा भास त्यामुळे होऊ शकतो. हायड्रोमीटरवर लागोपाठ काही दिवस तोच आकडा मिळेपर्यंत थांबणे, हाच शहाणपणा.

मद्याचा विषय वर्गात नको, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. मद्यनिर्मिती राज्यांच्या अखत्यारीत येते आणि परवान्याचे नियम पाळलेच पाहिजेत. परंतु कोमट पाणी, साखर, यीस्ट आणि एक फुगा एवढ्या साहित्यात हाच हिशेब शिकवता येतो. त्याला बिअर लागत नाही.

तो शिकवण्याची निकडही आहे. आसाममधील दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ या तांदळाच्या पेयाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे पारंपरिक पेय दूरच्या बाजारात पाठवायचे, तर बाटलीतील जिवंत यीस्ट प्रवासात काय करील, हे आधी ठाऊक हवे. मानांकन नावाचे रक्षण करते, बाटलीचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान जपणाऱ्या स्त्रियांच्या कौशल्याला मोजमापाची जोड देणे हे देशातील विज्ञानशिक्षणाचे काम आहे. संकोचापायी ते टाळणे योग्य नव्हे.